कापून टाक तो गळा, गाठीसकट

सोमवार, ५ जानेवारी

शहाणे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तोंडात येतंय ते घे. तुझ्या त्या यंत्राने माझं तोंड बांधलंय. पंधरा दिवस ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही म्हणे. पडद्यावर लाल पट्टी आली, 'हिंसेला चिथावणी'. मी शेजारच्या काजवालीला विचारलं, चिथावणी म्हणजे काय गं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही कुणालातरी खून करायला सांगितलात." माझ्या हातात तेव्हा कात्री होती हे खरं, पण मी सदरा बेतत होते.

फोन करू नकोस. सहा मशिनी चालू असताना मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं मी चुकीचं ऐकते. ग्रुपवर तुझा फौजदार बसलेला. म्हणून हे कागदावर. दोऱ्याची गाडी तुझ्याकडूनच जाते, ड्रायव्हरला बजावलंय, हातात दे आणि उत्तर घेऊनच ये. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चालवून घे.

झालं काय ते ऐक. ग्रुपवरच्या बेतणीच्या खोलीत 'उसवण' नावाची एक नवी पोरगी आलीय. जुने कपडे उसवून नीट करते म्हणून तिने स्वतःच ते नाव घेतलं. फार बोलत नाही. सगळ्यांची कामं बघते, छान म्हणते, जाते. परवा पहिल्यांदा तिने काही विचारलं. गळा आवळतो, गाठ आहे, काय करू, असंच काहीतरी. नवशिक्यांचं नेहमीचं दुखणं. गळा लहान बेतायचा, आत दोरा अडकून गाठ पडली की रडत बसायचं. मी लिहिलं, 'रडू नकोस. कापून टाक तो गळा, गाठीसकट. नवा लाव.' पाठवलं आणि गायब.

आता तूच सांग, शिवणाऱ्या बाईने गळा कापायचा नाही तर काय कांदा कापायचा?

मी एकटी नाही. 'छाती छत्तीस' लिहिलं की उडवतो. 'गळा जरा खोल ठेव' लिहिलं म्हणून काजवालीला ताकीद आली. साठीची बाई, दिवसभर मान खाली घालून लाजत काज करत होती. 'चुण्या मार' म्हटलं की त्याला मारामारी दिसते. असला फौजदार आमच्या कारखान्यात असता तर पहिल्या दिवशीच त्याला अस्तर लावून शिवून टाकला असता. हे वाक्यही तो उडवेल. बघ, कागदावर कसं छान राहिलं.

काढ त्याला. पण त्याआधी त्या पोरीला माझं उत्तर पोचव. पहिल्यांदा तोंड उघडलं तिने आणि समोरून कुणीच नाही. तेव्हापासून दिसली नाही असं काजवाली सांगते. माणूस एकदा विचारतो गं. दुसऱ्यांदा विचारायला फार जोर लागतो.

तोंड बांधलेली,
मावशी


बुधवार, ७ जानेवारी

मावशी,

नमस्कार. आशीर्वाद शेवटी देईन म्हणालीस आणि विसरलीस. कागद उलटापालटा करून पाहिला. उधारीवर ठेवते.

तुझा फौजदार मी हौसेने नाही बसवला. तुमच्यासाठी 'टाका-दोरा' ग्रुप सुरू केला तेव्हा आपण वीस-पंचवीस बायका होतो. दारावर कडी नव्हती तरी चालत होतं. आता रोज नवीन माणसं येतात आणि त्यातली सगळीच शिवायला येत नाहीत. मागच्या पावसाळ्यात एका मुलीने आपला पहिला फ्रॉक दाखवला आणि कुणीतरी त्याखाली काय चित्र टाकलं ते मी लिहिणार नाही. मी ऑफिसात होते, जेवायच्या सुट्टीत पाहिलं. तोवर ती निघून गेली होती. पुन्हा आली नाही. त्यानंतर मी यंत्र आणलं. ते थकत नाही, ऑफिसला जात नाही. त्याला शिवणातलं कळत नाही हे मान्य. ते मी दुरुस्त करणारच होते.

पण मावशी, तुझं उडवलेलं उत्तर बघायला गेले तेव्हा मी उसवणचा प्रश्न पूर्ण वाचला. तुला अर्धाच आठवतोय. तो असा आहे:

'गळा आवळतो. गाठ आहे. रोज थोडी वाढते. घरात कुणाला सांगता येत नाही. काय करू?'

सदऱ्याचा गळा लहान झाला हे घरात का सांगता येऊ नये?

मी ते तीनदा वाचलं. ही मुलगी घुसमटलीय. घरात काहीतरी चाललंय, मनात गाठ बसलीय, आणि सांगायला जागा नाही म्हणून ती आपल्याकडे आली. आणि त्याखाली तुझं उत्तर! 'कापून टाक तो गळा.' यंत्राने ते अडवलं नसतं तर? चुकीच्या कारणाने का होईना, त्याने बरोबर केलं.

मी तिला निरोप पाठवलाय. तिने उघडलेला नाही. तिचा नंबर नाही, पत्ता नाही. आपण कुणाकडूनच मागत नाही, तेच बरं वाटत होतं.

म्हणून मी ठरवलंय. यंत्र सगळीकडे लावायचं. खोल्यांमध्ये, गप्पांमध्ये, दोघींच्या खासगी मेसेजमध्येसुद्धा. अशी एकही हाक पुन्हा हुकायला नको.

तुझी शहाणी


शुक्रवार, ९ जानेवारी

पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि मशीन बंद करून बसले. काजवालीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, सुई मोडली.

मी प्रश्न पूर्ण वाचला नव्हता. गळा दिसला, गाठ दिसली, लागले उत्तर द्यायला. घाई माझ्या रक्तातच आहे, तुझ्या आईला विचार. पण आता तेच धरून बसले तर तिला काही उपयोग नाही. तेव्हा पुढचं बोलू.

तू म्हणतेस यंत्राने बरोबर केलं. मग मला सांग, माझ्या उत्तरावर धावून आलं ते तिच्या प्रश्नावर का नाही आलं? कापणं, मारणं एवढंच त्याला कळतं. आवळणं कळत नाही. ओरडणाऱ्याला पकडतं आणि कण्हणाऱ्याच्या अंगावरून निघून जातं. असलं ते सगळीकडे लावून काय मिळणार?

आणि खासगी मेसेजात लावलंस तर माझ्याशी गाठ आहे. आमच्याकडे कामावर एक मुकादम होता. जेवायच्या वेळी मागे येऊन उभा राहायचा. तो आला की सगळ्या जणी भाजीत मीठ किती यावर बोलायला लागायच्या. भिंतीला कान फुटले की बायका मिठाचंच बोलतात. उसवण जे काही अर्धंमुर्धं बोलली ते कुणी मागे उभं नाही असं वाटलं म्हणून. उद्या कळलं की यंत्र कान लावून आहे, तर पुढची उसवण तेवढंही बोलायची नाही. मग तुझी हाक हुकणार नाही, कारण हाकच येणार नाही.

काढ ते सगळीकडून. मी आहे, काजवाली आहे. आम्ही बघतो. कारखान्यात तीस बायकांची भांडणं सोडवलीत, चार टवाळ माणसं काय आवरता येणार नाहीत? आणि माझं तोंड सोड. त्या पोरीशी मला बोलायचंय.

मावशी


सोमवार, १२ जानेवारी

मावशी,

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे चालत्या पट्ट्यात ओढणी देणं. आज सकाळपासून यंत्र बंद केलंय, सगळीकडे. तुझं तोंड सोडलंय. खासगी मेसेजचं तुझं म्हणणं मला पटलंय. बाकीचं तू दाखवून दे.

उसवणने अजून काही उघडलेलं नाही.

शहाणी


शुक्रवार, १६ जानेवारी

शहाणे,

हरले. लिहिलं बघ, आता मोठं करून भिंतीवर लाव.

पहिला दिवस बरा गेला. बेतणीच्या खोलीत आम्ही मनसोक्त गळे कापले. काजवालीने 'छाती चाळीस, श्वास सोडून मोजा' असं लिहिलं आणि मिनिटभर पडद्याकडे बघत राहिली. उडालं नाही तेव्हा हसली.

दुसऱ्या दिवशी दार उघडं आहे असा वास लागला असणार. नव्यांच्या खोलीत काय काय यायला लागलं! घरबसल्या श्रीमंत व्हा. केस उगवण्याचं तेल. आणि ती चित्रं. मी एक पुसते तोवर चार येतात. एका हाताने बाही धरलेली, दुसऱ्याने पुसतेय. अंगठा सुजला. एकाला मी माझ्या भाषेत समजावलं, तर तो मेला खूश होऊन आणखी दहा जणांना घेऊन आला. कारखान्यातल्या भांडणात समोर माणूस असतं, डोळे वटारता येतात. इथे कुणाकडे वटारू?

आता खरं ऐक. काल त्याच गोंधळात उसवण आली. बेतणीच्या खोलीत नाही, नव्यांच्या खोलीत. दाराशीच उभी राहिल्यासारखी. 'कुणी आहे का?' एवढंच लिहिलं. आणि तिच्या ओळीच्या खाली कुणीतरी ते चित्र टाकलं. मी पाहिलं तेव्हा ती गेलेली होती.

मी सांगितलं म्हणून तू दार उघडलंस. ती आली आणि तिला काय दिसलं, तर ते.

मी तिला खासगीत लिहिलंय. काय लिहावं कळेना. तुझ्यासारखं गोड मला येत नाही. मी लिहिलं, 'मी आहे. ती घाण पुसली. तुझा प्रश्न मी नीट वाचला नव्हता. गळा सदऱ्याचा की तुझा?' काजवाली म्हणाली, असं कुणी विचारतं का? मी म्हटलं, माप घेतल्याशिवाय बेतायचं कसं?

उत्तर नाही आलं. दारावर तुझा फौजदार परत बसव. आजच.

मावशी


शनिवार, १७ जानेवारी

मावशी,

पत्र मिळताच दारावर यंत्र बसवलं. अंगठ्याला मीठपाण्याचा शेक दे.

भिंतीवर काही लावणार नाही. मीही अर्धी हरलेय. रात्रभर विचार करून असं ठरवतेय, पटतं का बघ. नव्यांच्या खोलीत, म्हणजे दाराशी, त्याला पूर्ण हात मोकळे. अनोळखी माणसाची चित्रं, विक्रीच्या जाहिराती, त्याने कुणाला न विचारता बाहेर फेकायच्या. खासगी मेसेजात त्याला मज्जाव. तिथे एखादीने स्वतः बोलावलं तरच आपण जायचं. अडतं ते मधल्या खोल्यांपाशी. बेतणीच्या खोलीत तो काही उडवणार नाही, कुणाचं तोंड बांधणार नाही. पण शंका आली की ओळ बाजूला धरून एका माणसाला विचारेल. आणि तुझं ऐकून त्याला आवळणं, घुसमटणं, सांगता येत नाही, हेही शिकवतेय. तसलं काही दिसलं तर ओळ अडवायची नाही, नुसती माणसाला दाखवायची.

पण त्यासाठी शिवणातलं कळणारं, पूर्ण वाचणारं माणूस हवं. मला शिवणातलं कळत नाही. तुला पूर्ण वाचायचा कंटाळा. कोण करणार?

शहाणी


रविवार, १८ जानेवारी

मी करेन. काजवाली शेजारी बसेल, तिने मोठ्याने वाचायचं आणि शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय मी बोट लावायचं नाही, असं ठरलंय. फौजदाराचा हवालदार केलास ते बरं केलंस. दारात उभा राहा, आत यायचं तर विचारून.

उत्तर अजून नाही.

मावशी


बुधवार, २८ जानेवारी

पोरी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण मी घरी नव्हते. बस आणि ऐक.

मागच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, उसवणचं उत्तर आलं होतं. माझ्या 'सदऱ्याचा की तुझा'ला. तिने लिहिलं, 'माझा. तुम्ही पहिल्या आहात ज्यांनी सरळ विचारलं.' आणि एक फोटो. मान वर केलेली आणि गळ्याच्या खालच्या बाजूला सुपारीएवढी गाठ.

गाठ म्हणजे गाठ! दोऱ्यातली नाही, मनातली नाही. मला सदरा दिसला, तुला सासर दिसलं, यंत्राला काहीच दिसलं नाही. ती बिचारी जसंच्या तसं लिहीत होती, शब्दाला शब्द.

भावाकडे राहते. भाऊ-वहिनी वाईट नाहीत, पण वहिनीचे दिवस भरत आलेले, घरात सगळी तीच धावपळ. त्यात आपलं दुखणं कुठे काढायचं म्हणून ओढणी गुंडाळून फिरत होती. आणि भीती. दाखवलं तर डॉक्टर काय सांगतील ही. म्हणून बेतणीच्या खोलीत विचारलं. मी म्हटलं, अगं तिथे का? ती म्हणाली, मला तेवढीच खोली माहीत होती.

मी तिला लिहून खूप बोलले. काय बोलले ते तुझ्या हवालदाराला कळलं असतं तर जन्मठेप झाली असती. मग पत्ता मागितला आणि दोऱ्याच्या गाडीत बसून गेले. तीन तास मागे रिळांच्या खोक्यांवर. तिला पाहिलं तर ही एवढीशी, पण हातशिलाई अशी की टाका दिसत नाही. भावाला मी समोर बसवलं. तो म्हणाला, "तिने सांगितलंच नाही हो." मी म्हटलं, "आता मी सांगतेय. ऊठ, चपला घाल."

दवाखान्यात बाकावर बसलो तिघं. भिंतीवर हाडांचं चित्र, मी आपली त्याच्या खांद्याची मापं घेत होते मनात. डॉक्टरीणबाईंनी गळ्याला हात लावला, सुई घालून थेंब घेतला, दोन दिवसांनी या म्हणाल्या. ते दोन दिवस मी तिच्याकडेच राहिले. तिच्या ढिगातले कपडे उसवले, दुसरं काय करणार? दोन दिवसांनी बाई म्हणाल्या, गाठ वाईट जातीची नाही. पण वाढतेय, श्वासनळीवर बसायच्या आधी कापून टाकू. "गळ्यापाशी छोटा काप घेऊ, गाठ सगळी काढू."

पोरगी खुदकन हसली. भाऊ घाबरून तिच्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हसायला काय झालं?" ती म्हणाली, "मावशी, उडायच्या आधी तुमचं उत्तर मला क्षणभर दिसलं होतं. 'कापून टाक, गाठीसकट.' मी घाबरून फोनच बंद करून ठेवला होता. आता ह्याही तेच सांगतात!"

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, "नवा लावायला सांगितला होता मी, तेवढं तुमचं राहिलं."

पुढच्या मंगळवारी तिचं ऑपरेशन आहे. मी नसताना काजवालीला सगळ्या ओळी एकटीने वाचाव्या लागल्या, ती कुरकुरतेय. भिऊ नको म्हणून मी उसवणला सांगून आलेय, आणि स्वतः इथे दोनदा बोटात सुई घुसवून घेतली.

मावशी


गुरुवार, ५ फेब्रुवारी

मावशी,

मंगळवारपासून मीही दर तासाला बघतेय. आज दुपारी हवालदाराने बेतणीच्या खोलीतली एक ओळ बाजूला धरली. मला दिसतेय. एका बोटात मी ती सोडू शकते. पण आपलं ठरलंय, त्या खोलीत विचारायचं ते तुला. म्हणून हात मांडीखाली घेऊन बसलेय. ड्रायव्हरला उभा केलाय, एवढं लिहून देते.

लवकर बघ गं.

शहाणी


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

माझ्या सोन्या,

तुझी चिठ्ठी यायच्या आधीच बघितलं होतं. काल टीप मारत होते, काजवालीने कोपर मारलं. पडद्यावर पिवळी पट्टी, लाल नाही. 'हा मजकूर हिंसक वाटतो. नक्की कळत नाही. पुढे जाऊ द्यावा का?'

नक्की कळत नाही! त्याने हे म्हटल्यावर मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा जरा माया वाटली. मलाही नव्हतंच की कळलं.

काजवालीला म्हटलं, वाच, शेवटपर्यंत. तिने चष्मा पुसला आणि सगळ्या मशिनींच्या आवाजावर आवाज काढून वाचलं. उसवणने लिहिलं होतं:

'गळा कापला. गाठ गेली. टाके बारीक पडलेत. मावशी, तुमच्यापेक्षा सरळ.'

माझ्यापेक्षा सरळ म्हणे! बोलता यायला लागलं नाही तोच टोमणे. मी काजवालीला म्हटलं, हे जाऊ द्यायचं का? ती म्हणाली, "तुमची बदनामी आहे, विचार करा." मग आम्ही दोघींनी मिळून बोट लावलं. ओळ गेली, आणि खाली एकेक बाई विचारायला लागली, कुणाचा गळा, कसला गळा, सदरा की झगा. घाईघाईने, अर्धंच वाचून. माझ्याच बहिणी सगळ्या. मी एकेकीला लिहिलं, पूर्ण वाचा.

दारावरच्या हवालदाराला तिथेच राहू दे. काम चोख करतो.

आणि हे घे. पाच जानेवारीपासून उधार राहिलेत ते. अनेक आशीर्वाद, तुला, तुझ्या यंत्राला, आणि अर्धे उसवणकडे पाठव. गळ्याला जपून लाव म्हणावं, टाके ओले आहेत.

तुझी मावशी